घसरगुंडीवर सही कोणाची?

मे महिन्यात जामनेरला दुपारी दोन वाजता पत्र्याच्या घसरगुंडीला हात लावून पाहा. जळगाव जिल्ह्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि उन्हातला पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. मोठ्या माणसाचा हात चटकन मागे येतो. दोन वर्षांचं लेकरू मात्र बसल्या जागी रडत राहतं. त्याची कातडी पातळ, आणि उठावं कसं हे त्याला सुचत नाही. मग मलम लावलं जातं आणि आईला बोल लावला जातो, 'उन्हात सोडलंच कशाला?' ती घसरगुंडी बिनसावलीची, उन्हाकडे तोंड करून कोणी बसवली, हे कोणी विचारत नाही.

आम्हाला तेच विचारायचं आहे. डॉक्टरने चुकीचं औषध दिलं तर आपण जाब विचारतो. खेळण्यांचा नकाशा काढणारा, अंदाजपत्रक करणारा, काम झाल्यावर मोजमाप पुस्तकात सही करणारा, यांच्याही हातात आपल्या लेकरांची हाडं असतात.

या कामाचं ज्ञान काही गुप्त नाही. युरोपात 'ईएन 1176' हे मानक आहे, अमेरिकेत सरकारी ग्राहक सुरक्षा आयोगाची पुस्तिका 1981 पासून आहे. त्यातल्या गोष्टी कोणत्याही आईला पटतील अशा आहेत. कठड्याच्या दोन गजांमधली फट साधारण 9 ते 23 सेंटिमीटर असेल तर मुलाचं अंग आरपार जातं आणि डोकं अडकतं. मूल लटकून जीव जाऊ शकतो. जिथे मूल पडू शकतं तिथे काँक्रीट किंवा डांबर नको. 23 सेंटिमीटर वाळूचा थर सुमारे चार फुटांवरून पडणाऱ्याच्या डोक्याचा जीवघेणा मार टाळतो. पेव्हर ब्लॉक म्हणजे काँक्रीटच, कितीही रंगीत असले तरी. वाळू महाग झाली हे खरं, पण पेव्हर ब्लॉकही फुकट येत नाहीत. कॅटलॉग बघून काळी रबरी फरशी लिहून देणाऱ्याने तर एकदा आपल्या उन्हात तिच्यावर अनवाणी उभं राहावं. घसरगुंडीचं तोंड उत्तरेला आणि जवळ निंबाची सावली, याला पैसा कमी आणि विचार जास्त लागतो.

बसवून झालं म्हणजे काम संपत नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि उथळ पायातले खांब हलू लागतात. झोक्याची कडी झिजते, वेल्डिंग सुटतं, खांब जमिनीलगत गंजतो. म्हणून युरोपच्या नियमांत नेहमीची पाहणी वेगळी, एक ते तीन महिन्यांनी नीट तपासणी वेगळी आणि वर्षातून एकदा पूर्ण तपासणी वेगळी सांगितली आहे. टेबलावर बसून 'सुस्थितीत' लिहिणं ही तपासणी नव्हे. मोडकं खेळणं त्याच दिवशी साखळी घालून बंद करणं, ही तपासणी.

मार्च 2024 मध्ये मुंबईत वडाळ्याच्या महर्षी कर्वे उद्यानात पाण्याच्या टाकीत पडून दोन सख्खे भाऊ गेले, वयं चार आणि पाच. बाग महापालिकेची. टाकीला धड झाकण नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. गरीब घरातली ती मुलं बागेत खेळायलाच गेली होती. त्या टाकीजवळून त्याआधी कितीतरी जबाबदार माणसं गेली असतील.

'इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स' ही 1920 साली स्थापन झालेली संस्था. अभियंत्याने आपलं ज्ञान समाजाच्या हितासाठी, आरोग्यासाठी आणि सुरक्षिततेसाठी भेदभाव न करता वापरावं, असं तिची आचारसंहिता सांगते. भेदभाव न करता, हे आम्ही मुद्दाम पुन्हा लिहितो. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाचा पैसा हक्काचा आहे, उपकाराचा नाही. तरी 'काहीतरी मिळालं ना' म्हणून आपणच गप्प बसतो. फलकावर उद्घाटकाचं नाव मोठ्या अक्षरात, तपासणाऱ्याचं कुठेच नाही.

कनिष्ठ अभियंत्यावर ठेकेदाराचा आणि पुढाऱ्याचा दबाव असतो, एकाच माणसाकडे ढीगभर कामं असतात, हे आम्हाला माहीत आहे. पण आता त्या खुर्च्यांवर आपलीही मुलं-मुली बसली आहेत. त्यांना आम्ही मोठ्या भावाच्या हक्काने सांगतो: न पाहता सही करू नका, आणि करायला लावली तर तुमचा शेरा लेखी ठेवा. सम्यक आजीविका पगाराच्या दिवसापुरती नसते. पडून हात मोडलेलं मूल घेऊन जळगाव गाठणाऱ्या बापाची मजुरी बुडते, ती कोणत्याही अंदाजपत्रकात धरलेली नसते.

वस्तीने आता तीन कागद मागावेत: खेळण्यांच्या कामाच्या मोजमाप पुस्तकाची प्रत, आजवरचे तपासणी अहवाल, आणि ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी कधी संपतो याची नोंद. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाहीत. उत्तराची मुदत तीस दिवस. काम प्रत्यक्ष पाहण्याची मागणीही त्याच अर्जात करता येते. रविवारी वंदना झाल्यावर विहारातच अर्ज लिहा, लिहिणारी पोरं तिथे असतातच. पाहणीला जाताना गजांमधली फट मोजायला शिलाईची टेप सोबत घ्या.