आरोग्य-विचार : रक्ताचा अतिरेक आणि किरणोत्सर्गी स्फुरद

अंगांत रक्त कमी असल्याची तक्रार घरोघर ऐकूं येते. परंतु रक्तांतील तांबड्या पेशी वाजवीपेक्षां वाढणें हाही विकारच आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. पॉलिसायथीमिया व्हेरा या रोगांत हाडांतील मज्जा बेसुमार पेशी निर्माण करूं लागते. रक्त दाट होतें आणि त्याची गुठळी अडकून पक्षघात किंवा हृदयविकार ओढवण्याचें भय असतें.

अमेरिकेंत बर्कले येथें डॉ. जॉन लॉरेन्स यांनीं १९३६ सालीं ल्युकीमियावर व त्यानंतर थोड्याच वर्षांनीं या रोगावर किरणोत्सर्गी स्फुरद, म्हणजे फॉस्फरस-३२, वापरून पाहिला. पेशींच्या वाढीस स्फुरद लागतो, म्हणून तो हाडांत व मज्जेंत सांठतो. त्याचे बीटा-किरण शरीरांत कांहीं मिलिमीटरच जातात, आणि दर १४ दिवसांनीं त्याचें सामर्थ्य सुमारें निम्मे होतें. रोग आटोक्यांत येतो, हें खरें.

परंतु किरणांस आपपरभाव नाहीं. रोगजंतूंशीं झुंजणाऱ्या लिम्फोसाइट नांवाच्या पांढऱ्या पेशी याच माऱ्यांत सांपडतात. इतर बहुतेक पेशी किरणांनीं घायाळ झाल्या तरी विभाजनाच्या वेळीं मरतात. या पेशी मात्र विभाजनाची वाट न पाहतांच नष्ट होतात. त्यांतही बी-पेशी विशेष नाजूक. ज्या वांचतात, त्यांपैकीं कांहींच्या गुणसूत्रांवर मोडतोडीच्या खुणा वर्षानुवर्षें राहतात. तशीच इजा मज्जेंतील मूळ पेशींस झाली, तर पुढें ल्युकीमिया उद्भवूं शकतो.

ही शंका पोकळ नव्हती. १९६७ सालीं सुरू झालेल्या अभ्यासांत ४३१ रोग्यांचे तीन गट केले होते. एका गटास केवळ रक्तमोक्षण, दुसऱ्यास क्लोरॅम्ब्युसिल हें औषध व तिसऱ्यास स्फुरद, अशी योजना होती. रक्तमोक्षणाच्या गटाहून इतर दोहोंत तीव्र ल्युकीमियाचें प्रमाण बरेंच अधिक आढळलें. म्हणून आज रक्तमोक्षण, अल्प मात्रेंत ॲस्पिरिन, आणि जरूर तेथें हायड्रॉक्सियुरिया किंवा इंटरफेरॉन यांवर भर असतो. ज्या वयोवृद्धांस हीं औषधें मानवत नाहींत, त्यांच्यापुरताच स्फुरदाचा विचार होतो. वर्षानुवर्षांनीं येणारें संकट ऐंशीच्या घरांतील आजोबांस कदाचित् गांठणारही नाहीं. चाळिशींतील गृहस्थास तें निश्चित विचारांत घेतलें पाहिजे.

तेव्हां रक्ततपासणींत हिमोग्लोबिनचा आंकडा फार चढलेला दिसल्यास त्याचें कौतुक करीत न बसतां डॉक्टरांचा सल्ला वेळींच घ्यावा.