पाटीवर भांडता, वाट्यावर कधी भांडणार?



जिल्हा बैठकीत दि. बा. पाटलांचे नाव काढले की कोणीतरी उठून विचारतोच, "ते पनवेल-उरणचे पुढारी. भातखाचरांचे, मिठागरांचे. आपण कापूस-ज्वारीवाले, पावसावर जगणारे. त्यांचा आपल्याशी काय संबंध?"

संबंध आहे, आणि तो आपल्या सातबाऱ्याशी आहे. म्हणून हा लेख.

आधी माणूस कोण ते पाहू. उरण तालुक्यातल्या जासईचा शेतकऱ्याचा पोरगा. शिकून वकील झाला, शेकापचा लाल बावटा खांद्यावर घेतला. १९५७ पासून पनवेलने त्यांना वारंवार विधानसभेत पाठवले. १९७२ च्या दुष्काळात आपल्या बाया खडी फोडत होत्या, तेव्हा विधानसभेत विरोधी पक्षनेतेपदी हाच माणूस होता. पुढे दोनदा खासदार झाले. बोलायला कडक, आणि मागे हटायची सवय नाही.

१९७० साली सिडको निघाली. मुंबईची गर्दी हलवायला नवे शहर वसवायचे ठरले आणि ठाणे-रायगडच्या ९५ गावांची जमीन सरकारने घ्यायला काढली. हत्यार कोणते? इंग्रजांचा १८९४ चा कायदा. गोरा साहेब गेला, त्याचा कायदा राहिला. "सार्वजनिक हित" एवढे दोन शब्द कागदावर लिहिले की शेतकऱ्याने घर सोडायचे. ठरवील ते सरकार, मोजील ते सरकार, आणि तक्रार ऐकायलाही सरकारच!

दि. बां.नी सवाल केला तो साधा होता. आज तुम्ही जमीन भाताच्या भावाने घेता आणि उद्या तीच शहराच्या भावाने विकता. मधला नफा कोणाच्या घामाचा? जमीन आमची असेल तर तिच्यातून उभ्या राहणाऱ्या शहरातही आमचा वाटा हवा.

या सवालाला उत्तर गोळीने मिळाले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-नवघरच्या परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी हुतात्मा झाले. तेव्हा मुख्यमंत्री कोण होते? सहकाराचे दादा, वसंतदादा पाटील. खुर्चीवर शेतकऱ्याचा पोरगा बसला म्हणून बंदुकीची नळी फिरत नाही, हे त्या दिवशी कळले. आपल्यातल्या ज्यांना अजून "आपला माणूस" मंत्री होण्याची आशा आहे, त्यांनी ही तारीख दाराच्या चौकटीवर लिहून ठेवावी.

त्या रक्तातून साडेबारा टक्क्यांची योजना आली. १९९० आणि १९९४ च्या शासन निर्णयांनी ठरले की घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ शेतकऱ्याला परत द्यायचा. शेतकऱ्याला भरपाईच्या पलीकडे शहरात हिस्सा मिळाला, ही गोष्ट लहान नाही.

आता दुसरी बाजूही ऐका. आम्ही पुढाऱ्यांची आरती ओवाळायला बसलेलो नाही.

एक एकर म्हणजे ४० गुंठे. साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांच्या नावाने पावणेचार टक्के कापले. हाती आले साडेतीन गुंठे! तेही कित्येकांना फायली हलेपर्यंत वर्षानुवर्षे मिळाले नाहीत. जेएनपीटी बंदरासाठी ज्यांची जमीन गेली त्यांनी तर साडेबारा टक्क्यांसाठी दशके मोजली. तोवर बिल्डर दारात उभाच होता. भूखंड मिळायच्या आधीच हक्क विकले गेले. भाऊ-बहिणी कोर्टात गेल्या. ज्याचा सातबारा मोठा त्याचा वाटा मोठा. कसणारा, राबणारा, मिठागरावरचा मजूर पंगतीच्या शेवटी.

म्हणून आज पनवेलमध्येही दि. बां.वर एकमत नाही. एक म्हणतो, त्यांनी आम्हाला माणसात आणले. दुसरा म्हणतो, त्यांनी जमीन वाचवली नाही, तिचा सौदा केला. शहरातला बाबू म्हणतो, हा तर विकासाच्या आड येणारा माणूस. त्यात उतारवयात दि. बा. शेकाप सोडून शिवसेनेत गेले. ते जुन्या कार्यकर्त्यांच्या मनात सलले.

"सौदा केला" म्हणणाऱ्यांना आमचा प्रश्न आहे. जमीन जाणार हे सरकारने बंदुकीच्या धाकावर ठरवले होते. तेव्हा रिकाम्या हाताने हुतात्मा व्हायचे की वाटा वसूल करायचा? पेण तालुक्यात २२ गावांनी २००८ साली महामुंबई सेझच्या विरोधात कौल दिला, तिथे "नाही" म्हणणे जमले, कारण तोवर माणसे शहाणी झाली होती. ते शहाणपण १९८४ ने विकत घेऊन दिले. दोष वाटा मागण्यात नाही. दोष वाटा मिळाल्यावर चळवळ घरी गेली, यात आहे. भूखंड प्रत्येकाला एकेकटा मिळाला, आणि एकेकट्याला बिल्डरने गाठले.

आता नावाचा तमाशा पाहा. उलवे टेकडी फोडून, नदीचा प्रवाह वळवून, दहा गावे उठवून विमानतळ झाला. २०२१ मध्ये सिडकोने बाळासाहेब ठाकऱ्यांचे नाव पुढे केले. भूमिपुत्रांनी दि. बां.च्या नावासाठी १० जूनला मानवी साखळी केली, २४ जूनला, दि. बां.च्या स्मृतिदिनी, सिडकोवर धडकले. ज्या पक्षात ते गेले, त्याच पक्षाच्या राज्यात त्यांच्या नावासाठी रस्त्यावर यावे लागले! २०२२ साली जाता सरकारने त्यांचे नाव मान्य केले, येत्या सरकारने पुन्हा मान्य केले. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटनही झाले.

नाव जरूर द्यावे, त्यांचा तो हक्क आहे. पण पुढाऱ्यांना पाटी आवडते, कारण पाटीला खर्च येत नाही. वाट्याला येतो.

आणि आपण? नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा, जालन्यातून गेला. आपल्याच कपाशीच्या रानातून. सुरुवातीला विकसित भूखंडाची भाषा होती. शेवटी बहुतेकांनी रोख घेतली आणि बाजूला झाले. १८९४ चा कायदा जाऊन २०१३ चा आला, भाव वाढला, हे खरे. पण रोख पैसा म्हणजे लग्न, घर, मोटारसायकल आणि पाच वर्षांनी मजुरी. रस्त्याकडेला उद्या जे उभे राहील त्यात आपला गुंठा कोणता?

कापसाचेही हेच. बोंड आपले, सरकी दुसऱ्याची, सूत तिसऱ्याचे, कापड चौथ्याचे. कच्चा माल टाकून पहिल्याच पायरीवर बाहेर पडायची आपल्याला सवय लागली आहे. जमीनही आपण तशीच टाकतो.

तेव्हा या बैठकीत तीन ठराव घ्या. जमीन जाईल तिथे रोखीबरोबर विकसित जमिनीत वाटा, आणि तोही कपात न करता. वाटा घरधनी आणि घरधनीण दोघांच्या नावे. आणि गावाचे भूखंड एकत्र ठेवणारी गावाची संस्था, म्हणजे बिल्डरला एकटा माणूस सापडणार नाही.

दि. बां.नी अर्धी वाट चालून दाखवली. त्या अर्ध्या वाटेवर पाच माणसे पडली. उरलेली वाट त्यांच्या पुतळ्याला चालता येणार नाही, ती आपल्यालाच चालायची आहे.