आपला कोणास म्हणावें?

‘आपला’ हा शब्द आपण दिवसांतून कितीतरी वेळां उच्चारतों. आपलें गांव, आपली शाळा, आपला वर्ग! परंतु मनुष्य आपला कशानें होतो, ह्याचा विचार आपण क्वचितच करतों. एके ठिकाणीं जन्म घेतल्यानें तो होतो काय? तेथें घाम गाळल्यानें होतो काय? आपल्या बीड जिल्ह्याकडे पाहिलें म्हणजे ह्या दोन्ही प्रश्नांस ‘एवढ्यानें नाहीं’ असेंच उत्तर द्यावें लागतें.

दिवाळीच्या सुमारास आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, केज इत्यादि तालुक्यांतून हजारों कुटुंबें ऊसतोडीस निघतात. कोणी सांगली-कोल्हापुराकडे जातात, कोणी कर्नाटकांत उतरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असते. ती फिटावी म्हणून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे सुमारें पांच-सहा महिने, फडाजवळची कोपी हेंच त्यांचें घर. पहांटेपूर्वीं उठावें, ऊस तोडावा, मोळ्या बांधाव्या, डोक्यावरून वाहून गाडी भरावी, हा त्यांचा नित्यक्रम. १९५०-५१ च्या हंगामांत प्रवरानगरास सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्यानंतर ह्या धंद्यानें महाराष्ट्रांत जें वैभव पाहिलें, त्याच्या पायाशीं अशाच लोकांचे श्रम आहेत.

असें असून हे लोक कोणाचे? ह्या धंद्यांत नवराबायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. हत्याराची गणती होते, माणसांची होत नाहीं! त्या जोडींतील बाईचा हिशेब तर बहुधा नवऱ्याच्याच नांवांत बुडालेला असतो. करार मुकादमाशीं, म्हणून कारखान्याच्या हजेरीपटावर तोडणाऱ्याचें नांव नसतें. आजारानें एक दिवस अंग टाकलें तर ‘खाडा’ पडतो व दंड बसतो. म्हणजे त्याची गैरहजेरी तेथें कळते; पण ती पैशाच्या रूपानें, काळजीच्या रूपानें नव्हे. आणि गांवाकडे? तेथेंही अर्धें वर्ष घरास कुलूप. २६ जानेवारीस ग्रामसभा भरते तेव्हां हीं माणसें फडांत असतात. त्यांच्यावांचून ठराव होतात, आणि कोण आलें नाहीं हें कोणी विचारीत नाहीं.

माझ्या मतें आपलेपणाची खूण एकच आहे: मनुष्य समोर नसतांना त्याची जागा कोणी राखतो कीं नाहीं.

कोणी म्हणेल, ‘मजुरी दिली कीं व्यवहार संपला, धंद्यांत आपलेपण कशास?’ हें म्हणणें वरवर पटण्यासारखें आहे. परंतु मजुरी ही केवळ श्रमाची किंमत झाली. कोयता पायावर बसला, बाळंतपण जवळ आलें, गाडी उलटली, तर ज्याचें नांवच कोठें नाहीं त्यानें दाद कोणाकडे मागावी? म्हणून आपलेपण ही नुसती गोड भावना नव्हे; त्यांत हक्क आहे, आणि ज्याच्यासाठीं तो घाम गाळतो त्याच्यावर जबाबदारीही आहे.

ह्या दिशेनें कांहीं पावलें पडलीं आहेत. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणें सहा ते चौदा वर्षांच्या मुलास वर्षाच्या मध्येंही शाळेंत प्रवेश नाकारतां येत नाहीं. २०२१ सालीं शासनानें ऊसतोड कामगारांच्या मुलांमुलींसाठीं संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. तींत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहें योजिलीं आहेत. कामगारांस ओळखपत्रें देण्याचेंही ठरलें. हें सर्व स्वागतार्ह आहे. परंतु ओळखपत्रानें नांव मिळतें. शेजार मात्र माणसांनींच द्यावा लागतो.

विद्यार्थिमित्रांनो, येथें तुमचें काम सुरू होतें. दिवाळीनंतर वर्गांतील एखादा बाक रिकामा दिसला, तर त्यावर लगेच पसरून बसूं नका. तुमच्या सोबत्याचीं टिपणें उतरून ठेवा. तो उन्हाळ्याच्या तोंडाशीं रापलेल्या चेहऱ्यानें परत येईल, तेव्हां ‘कारखान्यावरचा आला’ असें म्हणून हसूं नका; त्याच्याजवळ बसा आणि अडलेलें गणित समजावून द्या. एखादी मुलगी धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठीं आईबरोबर गेली असेल, तर ती परत शाळेंत आली कीं नाहीं, हें तिच्या घरीं जाऊन विचारा.

पालकांसही एक विनंति आहे. शेजारच्या घरीं म्हाताऱ्या आजीपाशीं ठेवलेलें मूल असेल, तर त्याचा अभ्यास झाला काय, तें जेवलें काय, एवढें तरी विचारीत जा. आणि ग्रामसभेंत बसाल तेव्हां गेलेल्यांच्या वतीनें एक शब्द बोला. फडावरून आई परत येईल, तेव्हां आपल्या मागें आपल्या लेकराची कोणी विचारपूस केली, हें तिला कळेल; आणि ह्या गांवाला ‘आपलें’ म्हणतांना तिच्या मनांत किंतु राहणार नाहीं.