दया क्षणाची, पालन दहा वर्षांचे



या सदरात आपण संसारातले प्रश्न मांडतो. या वेळचा प्रश्न जरा वेगळा आहे. पण ज्या घरात तो उभा राहिला आहे, त्या घरात दोन आठवडे जेवताना त्यावरूनच बोलाचाली होत आहे. म्हणून तो किरकोळ समजता येत नाही.

कुटुंब पाच माणसांचे. वडील रात्रपाळीचे वॉचमन. आई सकाळी सातला स्वयंपाकाच्या कामाला बाहेर पडते. मुलगी नववीत, मुलगा चौथीत आणि घरात आजी. खोली दहा बाय बाराची. रिक्षाच्या धडकेने पाय मोडलेले रस्त्यावरचे एक कुत्रे मुलीच्या ओळखीच्या एका प्राणिमित्राने उचलून नेले, त्याच्यावर उपचार केले. पाय आता बरा आहे, पण अधू आहे. पुन्हा रहदारीत सोडले तर ते जगणार नाही, म्हणून तो त्याच्यासाठी घर शोधत आहे. वय अंदाजे चार वर्षे. कधी घरात राहिलेले नाही, कोणी काही शिकवलेले नाही. मुलीचा हट्ट, आणूया. आजींचा सवाल, ‘‘तळ्याचे पाणी कुत्र्यामांजरांना चालायचे, आपल्याला नाही. आता आपल्याच घासातला घास कुत्र्याला घालायचा का?’’

आजींचा सवाल आम्ही हसण्यावारी नेणार नाही. त्यामागे पिढ्यांचे दुःख आहे. परंतु २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडला चवदार तळ्यावर गेले ते माणसाचा हक्क बजावण्यासाठी. जनावरांचे पाणी तोडा, अशी मागणी तिथे कोणी केली नव्हती. अन्याय माणसाने केला होता. त्यात मुक्या जनावराचा काय दोष?

पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे आणि तिथेच त्यांच्या लालनपालनाचाही उल्लेख आहे. हे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत, पण त्यांचे वजन सारखे नाही. दया एका क्षणात येते. पालन रोज करावे लागते. चार वर्षांचे देशी कुत्रे नीट सांभाळले तर आणखी आठ-दहा वर्षे सहज जगते. आज नववीतली मुलगी तोपर्यंत लग्नाच्या वयाची होईल. म्हणजे दया मुलीची आणि पालन आईचे, असे होऊ द्यायचे नसेल तर निर्णय साऱ्या घराने मिळून घेतला पाहिजे.

‘रस्त्यावरचे कुत्रे म्हणजे चावरेच’ असे म्हणून विषय मिटवणारेही आहेत. कुक्कुर जातकाची कथा त्यांनी मुलांकडून वाचून घ्यावी. राजाच्या रथाचे चामडे कुत्र्यांनी खाल्ले, तेव्हा चौकशी न करता गावातल्या सगळ्या कुत्र्यांना मारण्याचा हुकूम निघाला. खरे दोषी होते राजवाड्यातले पाळीव कुत्रे. जन्म कुठे झाला यावरून गुण-अवगुण ठरवण्याची रीत आपल्याला चांगलीच ठाऊक आहे. ती आपण कुत्र्यालाही लावू नये. समोरचे हे एक कुत्रे कसे आहे, ते पाहावे.

मोठे कुत्रे घेण्यात एक फायदा आहे. पिल्लू पुढे किती वाढेल, कसे निघेल, हे सांगता येत नाही. मोठ्याचा आकार आणि स्वभाव पुष्कळसा समोर दिसतो. म्हणून घरातल्या सर्वांनी, आजींनीसुद्धा, दोन-तीन वेळा जाऊन त्याला भेटावे. खाताना कोणी जवळ गेले तर गुरगुरते का? लहान मुलाला पाहून अंग आखडते का? एकटे ठेवले तर किती भुंकते? कोणाला चावले आहे का? सांभाळणाऱ्याला हे स्पष्ट विचारावे. रेबीजची लस, जंताचे औषध, नसबंदी झाली का, त्याचे कागद पाहावेत. नसबंदी झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला बहुधा खाच असते.

मोठे कुत्रे शिकत नाही, हा समज चुकीचा आहे. ते शिकते, पण वेळ घेते. त्याला कुकरची शिट्टी, गुळगुळीत फरशी, जिना, गळ्यातला पट्टा, सारेच नवे. पहिले तीन दिवस ते भेदरलेले असते, तीन आठवड्यांत घराची रीत कळू लागते आणि तीन महिन्यांत घर आपले वाटू लागते, असा प्राणिमित्रांचा ढोबळ अनुभव आहे. या काळात घरात लघवी करील, चपला फाडील. मारू नये. मारल्याने ते शिकत नाही, माणसाला भिऊ लागते आणि भ्यालेले कुत्रे चावते. उठल्यावर, खाल्ल्यावर आणि झोपण्यापूर्वी ठरल्या वेळी बाहेर न्यावे आणि बाहेर केले की लगेच खाऊचा तुकडा द्यावा. लहान मुलाजवळ मात्र त्याला एकटे कधीही सोडू नये.

आता धोक्याची गोष्ट. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस सहसा वाचत नाही. म्हणून कुत्र्याची लस चुकवायची नाही. कोणतेही कुत्रे चावले वा ओरखडले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी वा पालिकेच्या दवाखान्यात जावे. हळद, चुना, मिरची काही लावू नये. दिलेल्या तारखांची सर्व इंजेक्शने पुरी करावीत.

खर्चाचाही कागद मांडावा. रोजचे खाणे, दरवर्षीची लस, गोचिडांचे औषध, महापालिकेचा परवाना आणि आजारपणासाठी बाजूला टाकायची रक्कम. आपल्या ताटातला भात, अंडे, कोंबडी त्याला चालते. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट देऊ नये, शिजवलेली हाडे घालू नयेत. शिवाय ६ डिसेंबरला सारे घर चैत्यभूमीला गेले, तर त्याच्याजवळ कोण थांबणार? १४ एप्रिलच्या मिरवणुकीत बँजो आणि फटाके वाजू लागले की ते बिथरून पळेल, तेव्हा दार लावून त्याच्यापाशी कोण बसणार? शेजाऱ्यांशीही आधी बोलून घ्यावे.

त्या कुटुंबाला आम्ही सांगितले आहे की, कागदावर आठवड्याचे सात दिवस लिहा आणि सकाळी व रात्री कुत्र्याला कोण बाहेर नेणार, त्याचे नाव समोर घाला. मुलीच्या दहावीच्या परीक्षेचे दिवसही धरा. वडील रात्रपाळी करून दिवसा झोपतात, त्यांची झोप मोडणार नाही हेही पाहा. सगळे रकाने भरले, तर प्राणिमित्राशी बोलून आधी महिनाभरासाठी आणा. जमले नाही तर त्याने परत न्यावे, हे आधीच ठरवून घ्या. रकाने रिकामे राहिले, तर सरळ नाही म्हणा. हौसेने आणून दोन महिन्यांनी नाक्यावर सोडून देणे, ही त्या जिवाची दुसऱ्यांदा झालेली फसवणूक ठरते. रस्त्यावर जगण्याची त्याची सवयही तोवर मोडलेली असते.

नाही म्हटले म्हणून कोणी निर्दय ठरत नाही. वस्तीतल्या कुत्र्यांच्या लसीसाठी व नसबंदीसाठी पालिकेकडे अर्ज करणे, उन्हाळ्यात पाण्याचे भांडे भरून ठेवणे, त्या प्राणिमित्राला दुसरे घर शोधायला मदत करणे, हेही पालनच आहे. करुणेच्या जोडीला प्रज्ञा हवी, ही धम्माची शिकवण आहे आणि ती घरातल्या निर्णयालाही लागू पडते.

हा मजकूर लिहीपर्यंत त्या घराचे ठरलेले नाही. कागदावर पाच दिवसांपुढे नावे लागली आहेत, दोन रकाने अजून रिकामे आहेत. मुलीला आम्ही एवढेच सांगितले की, ते दोन रकाने भरायला आजींना विचार, त्यांच्यावर लादू नकोस.

जयभीम!