काय दिवे लावलेस!

ताम्हिणी घाट. जुलैचा पाऊस. संध्याकाळचे साडेसात. शेजारच्या सीटवर आई. आणि माझ्या गाडीचे दोन्ही हेडलाइट्स गुल!

म्हणजे अगदी ‘फट्’ करून गेले नाहीत. आधी पिवळे पडले, मग विझत आलेल्या निखाऱ्यासारखे लालसर झाले, आणि एका खड्ड्यात गाडी आदळल्यावर पुढचा रस्ताच नाहीसा झाला. धुकं असं, की बॉनेटचं टोकसुद्धा दिसेना. गंमत म्हणजे इंजिन मस्त चालू होतं. वायपरसुद्धा दमल्यासारखे का होईना, फिरत होते. मी अंदाजाने गाडी डावीकडे घेतली आणि नशिबाने एका बंद चहाच्या टपरीसमोरच्या मोकळ्या जागेत थांबवली. हॅझर्ड लाइट लावले, तर तेही काजव्यांइतकेच. तेवढ्यात वरून एक ट्रक उतरत आला आणि आमच्या अगदी जवळून गेला. त्याला आम्ही दिसलो होतो की नाही, कुणास ठाऊक.

आई काही बोलली नाही. तेच जास्त लागलं. कारण निघताना माणगावातच ती म्हणाली होती, ‘‘अगं, तुझे दिवे मिचमिचतायत बघ.’’ आणि मी म्हटलं होतं, ‘‘आई, टेन्शन नको घेऊस. आत्ताच नवी बॅटरी टाकलीये.’’ वर गाण्यांचा आवाजही वाढवला होता.

मला माहीत होतं हो! महिनाभर माहीत होतं. उजवा इंडिकेटर दिला की त्याच्या तालावर हेडलाइट्स मिचमिचायचे. ब्रेक दाबला की रेडिओ बंद पडायचा. हॉर्नला तर सर्दी झाल्यासारखी वाटायची. मी गाडी गॅरेजला दाखवली, त्यांनी पाच मिनिटांत ‘‘मॅडम, बॅटरी गेली’’ असं सांगितलं, मी पाच हजार मोजले आणि दिवे चक्क लख्ख झाले! पंधरा दिवसांनी पुन्हा मिचमिच सुरू झाली, तेव्हा मी काय केलं? काहीच नाही. डेडलाइन होती.

त्या रात्री साडेबाराला टोइंगची गाडी आली. पाच तास आम्ही मायलेकी रस्त्यापासून लांब, टपरीच्या पत्र्याखाली, एका छत्रीत आणि मोबाइलच्या टॉर्चमध्ये बसलो होतो. दुसऱ्या दिवशी त्याच गॅरेजचं नवीन निदान आलं, ‘‘मॅडम, अल्टरनेटर. चौदा हजार.’’

या वेळी मात्र मी ‘विचार करून सांगते’ म्हटलं आणि थेट आमच्या सोसायटीतल्या काकांचं दार वाजवलं. काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले इलेक्ट्रिशियन. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी मला तीन प्रश्न विचारले.

‘‘एक दिवा गेला, की सगळे?’’

‘‘सगळे, काका.’’

‘‘सेल्फ लागतो का?’’

‘‘एका झटक्यात.’’

‘‘मग बॅटरीला कशाला शिव्या देतेस? आणि अल्टरनेटर कुणी मोजला?’’

मोजला? कुणीच नाही! काकांनी घरातून मल्टिमीटर आणला. इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.५ व्होल्ट. एकदम ठणठणीत. इंजिन चालू केल्यावर १४.२. म्हणजे अल्टरनेटर चार्ज करतोय, आणि माझे चौदा हजार वाचले! मग काकांनी हेडलाइट्स लावायला सांगितले, मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी गाडीच्या उघड्या पत्र्याला टेकवली. तिथे जवळपास शून्य दिसायला हवं. दिसले २.९ व्होल्ट.

‘‘हे बघ बाळ,’’ काका म्हणाले, ‘‘वीज गेली तशी परत यायला पाहिजे ना? जाण्याचा रस्ता सगळे बघतात. परतीचा कुणी बघत नाही.’’

बॉस, ही गोष्ट मला मास कॉमच्या दोन वर्षांत सोडाच, शाळेच्या विज्ञानातही अशी कुणी सांगितली नव्हती. गाडीतल्या बहुतेक दिव्यांना बॅटरीच्या प्लसकडून वायर जाते, पण परतीची वायर थेट बॅटरीपर्यंत येत नाही. दिवा जवळच्या पत्र्याला जोडलेला असतो, आणि करंट गाडीच्या बॉडीतूनच परत येतो. बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांना जोडते एक वीतभर वायर. हेच ते ‘अर्थिंग’. माझ्या गाडीत ती वायर बॅटरीच्या ट्रेखाली एका बोल्टने कसली होती, आणि बोल्टखाली अकरा पावसाळ्यांचा गंज साठला होता. सेल्फ मात्र झकास लागत होता, कारण इंजिनाकडे जाणारी जाड मायनस वायर वेगळी होती. तिला काहीच झालं नव्हतं.

म्हणजे बॅटरीतले जवळजवळ तीन व्होल्ट त्या गंजातच खर्ची पडत होते. हॅलोजन बल्बचं तर असं, की व्होल्टेज १० टक्के कमी झालं की प्रकाश साधारण ३० टक्के कमी होतो. माझे दिवे निखारे का झाले, ते आता कळलं.

दुरुस्ती? मायनस टर्मिनल काढलं, बोल्ट खोलला, वायरचं टोक आणि खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, घट्ट कसला, वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला. मीटर ०.०५ वर. खर्च, पॉलिश पेपरचे दहा रुपये आणि काकूंच्या हातचा चहा. तो चहासुद्धा मलाच मिळाला!

आणि नवी बॅटरी बसवल्यावर दिवे सुधारले कसे? कारण बॅटरी बदलताना ती वायर हलली, थोडा गंज झडला आणि पंधरा दिवस कनेक्शन टिकलं. गॅरेजवाल्याने मला मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याने मोजलं नाही, आणि मी ‘मोजलंत का?’ असं विचारलं नाही. घाटातली ती रात्र आमची अर्धी-अर्धी.

तेव्हापासून काकांचा पहिला प्रश्न मी पाठ करून ठेवलाय. तुम्हीही करा. ऑटो इलेक्ट्रिशियन होण्यासाठी नाही, तर चौदा हजार द्यायच्या आधी एक शहाणा प्रश्न विचारता यावा म्हणून.

एकच दिवा गेला?

मग संशयित बल्ब किंवा त्याचा होल्डर. बऱ्याच हॅचबॅकमध्ये एच४ बल्ब असतो. त्याच्या पोटात दोन फिलामेंट असतात, अप्परसाठी ६० वॉट आणि डिपरसाठी ५५. त्यामुळे एका बाजूचा डिपर गेला पण अप्पर लागतोय, तर बहुधा बल्बच बदलायचाय. नवा बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल काचेवर राहतं, तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. कोरडं स्वच्छ फडकं वापरा. नवा बल्बही लागला नाही तर होल्डर बघा. काळा पडलाय किंवा वितळलाय का?

इंडिकेटर अचानक घाईत असल्यासारखा ‘टिकटिकटिक’ करायला लागला, तर बहुतेक वेळा त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो. आणि ब्रेक दाबल्यावर मागे ब्रेक लाइटबरोबर नको तो दिवाही मंद लागत असेल, तर त्या टेल लॅम्पचं अर्थिंग तपासा. तिथेही परतीचा रस्ता बंद झाला की करंट दुसऱ्याच्या घरातून वाट काढतो!

एका कामाचे दोन-चार दिवे एकदम गेले?

दोन बल्ब एकाच मिनिटाला उडत नाहीत. फ्यूज, रिले किंवा स्विच बघा. फ्यूजचा एक डबा बॉनेटखाली आणि बहुतेक गाड्यांत दुसरा ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ असतो. कोणता फ्यूज कशाचा, ते झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. (हो, ते मॅन्युअल! ग्लव्ह बॉक्समध्ये अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच आहे ना?) पात्यांच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत. १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा लावायचा. मोठा नाही, आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर नाहीच नाही. फ्यूज उडतो तो वायर जळू नये म्हणून. नवाही लगेच उडाला तर पुढे शॉर्ट आहे. तिथे हात जोडायचे आणि इलेक्ट्रिशियनला फोन करायचा.

रिलेची एक सोपी ट्रिक. त्याच डब्यात हॉर्नचा रिले हुबेहूब त्याच नंबरचा असेल, तर दिवे बंद करून दोघांची अदलाबदल करा. हेडलाइट लागले आणि हॉर्न मुका झाला, की चोर सापडला.

सगळंच मंद, सगळंच विचित्र?

माझी केस. आधी बॅटरी, मग चार्जिंग, मग अर्थिंग. मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. मी माझा पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणला. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ च्या आसपास असेल तर फुल्ल, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. नव्या गाड्यांमध्ये कॉम्प्युटर चार्जिंग वर-खाली करतो, तेव्हा थोडा फरक दिसला तर घाबरू नका. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर साठला असेल, तर खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवा. सोडताना आधी मायनस, जोडताना शेवटी मायनस. पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही ती यामुळेच.

आणि इथे मात्र थांबा

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी वायरला हात लावायचा नाही. तिथे १२ नाही, शेकड्यांनी व्होल्ट असतात. पिवळ्या आवरणातल्या एअरबॅगच्या वायरपासूनही लांब. नव्या गाड्यांतले सीलबंद एलईडी दिवे घरी उघडायचे नाहीत. बहुतेकांचं पूर्ण युनिटच बदलावं लागतं. आणि ‘रस्ता दिवसासारखा दिसतो’ म्हणून १००/९० वॉटचे बल्ब टाकायचा मोह? ५५ वॉटच्या बल्बला साडेचार अँपिअर लागतात, १०० वॉटच्याला आठच्या वर. कंपनीची वायर पहिल्यासाठी बनवलेली असते. दुसऱ्याने आधी होल्डर वितळतो, आणि तोवर समोरून येणारा बाइकवाला आंधळा झालेला असतो.

आता माझा नेम आहे. लांब निघायच्या आदल्या संध्याकाळी पार्किंगच्या भिंतीसमोर गाडी उभी करायची. डिपर, अप्पर, दोन्ही इंडिकेटर, सगळं भिंतीवर दिसतं. मग मागचं तोंड भिंतीकडे करून ब्रेक दाबायचा. आरशात दोन्हीकडे लाल उजेड दिसला की झालं. मदतीला कुणी लागत नाही. तीन मिनिटं लागतात. एक कॉफी ऑर्डर करायलाही यापेक्षा जास्त वेळ जातो, यार!

गेल्या महिन्यात आईला घेऊन पुन्हा त्याच घाटातून आले. बसायच्या आधी तिने पदर खोचला आणि स्वतः गाडीभोवती एक फेरी मारली. पुढे बघितलं, मागे बघितलं. मला ब्रेक दाबायला लावला. मग सीटवर बसून बेल्ट लावत म्हणाली, ‘‘चल. आज दिवे लावलेस.’’

अख्ख्या आयुष्यात हे वाक्य आईच्या तोंडून कौतुकाने ऐकायची माझी ही पहिलीच वेळ.