लक्ष दुसरीकडे

मुलाचे कान टोचायला सोनार घरी येई, तेव्हा आजी खिडकीशी उभी राहून "तो बघ काऊ, तो बघ!" असे म्हणत असे. मूल काऊकडे पाही, आणि सोनार आपले काम उरकून मोकळा होई. मूल रडे ते नंतर, आणि तेही बहुधा फसवणुकीबद्दल! ही विद्या आजीने कोणत्याही वैद्यकाच्या ग्रंथातून घेतली नव्हती. आता मात्र ती ग्रंथांत जाऊन बसली आहे.

१९६०च्या सुमारास अमेरिकेत गार्डनर नावाच्या एका दंतवैद्याने रोग्यांच्या कानांवर ध्वनियंत्र चढवले. त्यातून संगीत ऐकू येई, आणि दुखू लागले की धबधब्यासारखा आवाज मोठा करता येई. गंमत अशी की आवाजाचे बटण डॉक्टरांच्या हाती नव्हते. ते रोग्याच्या हाती होते. पुढे १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी मांडले की वेदनेच्या वाटेवर मज्जारज्जूत एक दार असते, आणि ते किती उघडावे यात मेंदूचाही हात असतो. आजीचा काऊ त्या दाराशी बसला होता म्हणायचा.

हा काऊ आता जेथे पोचला आहे, ती जागा आजीच्या स्वप्नातही आली नसती. मूल व्हावे म्हणून उपचार घेणाऱ्या बायकांची ती खोली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा जन्मली, तेव्हा 'टेस्ट ट्यूब बेबी' हा शब्द आपल्या घराघरांत आला. पण त्या शब्दामागे बाईला काय काय सोसावे लागते, ते काही घरात आले नाही. गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी त्यांत औषध सोडून एक्स-रे काढतात. तो बहुधा बाई जागी असतानाच, आणि तेव्हा कळा येतात. मग रोजची इंजेक्शने. बीजे काढताना बहुतेक ठिकाणी थोडा वेळ भूल देतात. पण पुढे गर्भ आत सोडताना भुलीची सहसा गरज नसते. मऊ, बारीक नळी, मोजक्या मिनिटांचे काम. दुखणे थोडे आणि धास्ती फार. पडद्याचा उपयोग होतो तो येथे.

गेल्या वर्षी मी माझ्या धाकट्या नणंदेबरोबर, तिला आपण मंजू म्हणू, अशा एका रुग्णालयात गेले होते. बाहेरच्या दालनात भिंतभर गुबगुबीत बाळांची चित्रे, आणि टीव्हीवरही रांगणारी बाळेच. उपाशी माणसासमोर पक्वान्नांची चित्रे टांगावीत, त्यातलाच हा प्रकार. समोर बसलेल्यांपैकी एकही बाई त्या भिंतीकडे पाहत नव्हती.

आतल्या खोलीत मात्र कुणा शहाण्याचे डोके चालले होते. टेबलावर निजलेल्या बाईला मान न वळवता दिसेल असा पडदा वर लावला होता. सिस्टर म्हणाल्या, "ताई, काय लावू? समुद्र, जंगल, की सिनेमा?"

"समुद्र नको हो," मंजू म्हणाली. "पाणी पाजून पाजून माझाच समुद्र केलाय तुम्ही!" (मूत्राशय भरलेले असले म्हणजे सोनोग्राफीत गर्भाशय नीट दिसते, म्हणून हा खटाटोप.)

तिने 'अशी ही बनवाबनवी' मागितला. १९८८ सालचा हा चित्रपट तिला इतका पाठ आहे की पात्राच्या आधी वाक्य तिच्या तोंडी येते. तो आधीच्या कुणीतरी अर्ध्यावर सोडलेला असावा. सुरू झाला तो नेमका पार्वतीच्या डोहाळजेवणापाशी! पार्वती म्हणजे साडीतला लक्ष्मीकांत बेर्डे, हे सांगायला नकोच. सिस्टरचा चेहरा उतरला. त्या घाईघाईने रिमोट शोधू लागल्या.

"राहू द्या, सिस्टर," मंजू म्हणाली. "त्याचं होतंय, तर माझंही होईल कधीतरी."

डॉक्टरीणबाईंसकट सगळ्या हसलो. काम केव्हा झाले ते कळलेही नाही. बाहेर आल्यावर मी विचारले, "दुखलं का गं?"

"नाही, वहिनी. दुखलं होतं ते मागे एक्स-रेच्या वेळी. तेव्हा पंख्याची पाती मोजत होते. पण तीनच असतात गं. किती वेळा मोजणार?"

त्या खेपेला यश आले नाही. आणि मग समाचाराला माणसे आली. एक मावशी म्हणाल्या, "तू टेन्शन घेतलं असशील." दुसऱ्या म्हणाल्या, "अशा वेळी सिनेमा बघतात का? देवाचं नाव घ्यावं." म्हणजे रडली तरी तिचाच दोष आणि हसली तरी तिचाच! आमच्या मराठीत 'वांझ' हा शब्द बाईलाच चिकटतो. पुरुषाकडेही कारण असू शकते, पण त्याच्यासाठी इतका धारदार शब्द रोजच्या बोलण्यात सापडत नाही. आता तो शब्द कुणी उच्चारत नाही. त्याच्या जागी 'टेन्शन' आले आहे.

येथे जरा जपून बोलले पाहिजे. २०११ साली इस्रायलमधल्या डॉक्टरांनी गर्भ आत सोडल्यावर बायकांसमोर पंधरा मिनिटे विदूषक उभा केला. एकूण २१९ बायका. विदूषक पाहिलेल्यांत गर्भ राहण्याचे प्रमाण ३६.४ टक्के, इतरांत २०.२. आकडे मोहात पाडणारे खरेच, पण गट पाडण्याची पद्धत काटेकोर नव्हती. त्याच वर्षी बॉयव्हिन आणि सहकाऱ्यांनी १४ अभ्यास, म्हणजे ३५८३ बायका, एकत्र तपासल्या. उपचाराआधी मनावर ताण होता की नव्हता, याचा त्या खेपेच्या यशापयशाशी संबंध आढळला नाही. हे वाक्य प्रत्येक मावशीच्या घरी चौकटीत लावावे असे मला वाटते.

मग पडदा कशासाठी? तर ती दहा मिनिटे बरी जावीत म्हणून. एवढे कारण पुरेसे नाही काय? दाढ काढताना कुणी विचारत नाही की संगीताने नवी दाढ लवकर येईल का! मराठीत 'डोळ्यांत धूळ फेकणे' आणि 'मन रमवणे' हे दोन वेगळे वाक्प्रचार आहेत. काय होणार ते आधी नीट सांगावे, काय पाहायचे ते तिला विचारावे, डॉक्टरांचे बोलणे ऐकू येईल इतपतच आवाज ठेवावा, रिमोट तिच्या हाती द्यावा, आणि काहीच नको म्हणाली तर पडदा बंद करावा. हे झाले मन रमवणे. आजीचा काऊ मात्र पहिल्या जातीचा होता, म्हणून तर मूल चिडे.

आणि खरी लांब रात्र त्या खोलीनंतरच सुरू होते. रक्ततपासणीपर्यंतचे दोनेक आठवडे. त्यांसाठी कुठे पडदा लावलेला नसतो. तेव्हा या दिवाळीत एखादीच्या घरी फराळाला गेलात, तर "काय, काही विशेष?" हा आपला पिढीजात प्रश्न तेवढा गिळा. चकल्या मऊ का पडल्या ते विचारा. त्यावर ती अर्धा तास बोलेल.