पाडव्याचा रस्ता आणि एरवीचा रस्ता

उद्या पहाटे डोंबिवलीचा फडके रोड पायी चालणाऱ्यांच्या ताब्यात जाईल. गणेश मंदिर संस्थानाने १९९९ मध्ये पाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली आणि पाहता पाहता ती ठाण्यात, गिरगावात, राज्यभर पोचली. ठाण्यात कौपीनेश्वराची पालखी निघेल आणि तलावपाळीचा परिसर लेझीम, फेटे, नऊवारीने भरून जाईल. त्या दोन-तीन तासांत आणखी एक गोष्ट घडते. काठी टेकणारे आजोबा रस्त्याच्या मधोमध चालतात, बाबागाडी ढकलणारी आई त्यांच्या शेजारून जाते आणि मागून कुणी हॉर्न वाजवत नाही. आमच्या दृष्टीने ही उद्याच्या सणातली फार मोठी गोष्ट आहे.

परवा सकाळी तेच आजोबा त्याच भागात भाजी आणायला निघतील, तेव्हा दुकानाच्या वाढवलेल्या पायऱ्या, ओळीने लावलेल्या दुचाक्या, गटाराचे उचकटलेले झाकण आणि खचलेले पेव्हर ब्लॉक चुकवत चालतील. शेवटी नाइलाजाने रिक्षांच्या रांगेत उतरतील.

आपली ही शहरे मुळात चालणाऱ्यांची आहेत. कल्याणच्या दानशूरांची नावे कान्हेरीच्या शिलालेखांत सापडतात, इतके हे बंदर जुने. पारनाका, दूधनाका, टिळक चौक या भागांतल्या गल्ल्या माणसांच्या आणि बैलगाडीच्या मापाच्या. रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला आली, १ मे १८५४ रोजी कल्याणला पोचली, आणि पुढची वस्ती स्टेशनच्या भोवती वाढली ती पायी पोचता येईल अशाच अंतरावर. ठाण्याचा नौपाडा आणि डोंबिवलीचे रामनगर, टिळकनगर आजही या हिशेबाने उभे आहेत. वाणी, दवाखाना, शाळा, देऊळ, वाचनालय, पोळी-भाजी केंद्र, सगळे हाकेच्या अंतरावर. काही गल्ल्यांत जुन्या झाडांची सावली अजून टिकून आहे. संध्याकाळी राममारुती रोडवर नुसती चक्कर मारायला येणारी माणसे असतात, कारण तिथे पाहायला दुकाने आणि भेटायला ओळखीचे चेहरे आहेत. इथे पाय टाकायला जागा नाही, पण जायला ठिकाणे भरपूर आहेत.

घोडबंदर रोडला याच्या नेमके उलट आहे. संकुलाच्या फाटकाच्या आत फरसबंद वाट, बाके, दिवे, ज्येष्ठांचा कट्टा. फाटकाबाहेर दूध आणायचे तर स्कूटर काढावी लागते. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ या नाक्यांवर वाहनांसाठी उड्डाणपूल झाले, त्यांच्याखालून रस्ता ओलांडणाऱ्याने मात्र जीव मुठीत धरून धावायचे. कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या मोठ्या वसाहतींचेही तसेच. आतला फेरफटका सुखाचा, पण डोंबिवली स्टेशन पायी गाठण्याच्या अंतरावर नाही. तिथल्या रहिवाशांना दोष द्यावा असे यात काहीच नाही. घर घेताना त्यांनी चांगले रस्तेच पाहिले होते. चूक परवानगी देणाऱ्यांची आहे. त्यांनी इमारतींचे नकाशे एकेक तपासले, पण एका फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत माणूस कसा जाईल हे पाहिले नाही.

तिसरी शहरे आहेत ती दिवा, कल्याण पूर्वेची कोळसेवाडी, वागळे इस्टेटच्या मागची लोकमान्यनगरसारखी वस्ती. इथला माणूस सर्वांत जास्त चालतो, कारण शेअर रिक्षाचे पैसेही रोज परवडत नाहीत, आणि चालण्याची सोय त्याच्याच वाट्याला सर्वांत कमी येते. त्यात रुळांनी शहर दुभंगलेले. पूर्वेकडून पश्चिमेला जायचे तर जिने चढा-उतरा. गुडघे दुखणाऱ्या बाईला समोरचे दुकान दिसते, पण तिथपर्यंत जाता येत नाही.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांनी प्राण गमावले. त्यानंतर स्थानकापासून १५० मीटरपर्यंत फेरीवाल्यांना उच्च न्यायालयाने मनाई केली. ती योग्यच होती. पण फुटपाथ अडण्याचे खापर एकट्या फेरीवाल्यावर फोडणे आम्हाला मान्य नाही. २०१४ च्या कायद्याने त्याला ठरलेली जागा द्यायची आहे. ती दिली नाही, की तो आज उठतो आणि उद्या परत येऊन बसतो. दिवसभर फुटपाथवर उभ्या राहणाऱ्या मोटारी आणि दुचाक्या तर कुणाच्या पोटाचा प्रश्न नव्हे. त्यांच्यावर कारवाई करायला कुठल्या नव्या कायद्याची वाट पाहायची?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार फुटपाथवर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आपल्याकडचे कित्येक फुटपाथ इतके उंच, की म्हातारी माणसे त्यावर चढतच नाहीत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की वापरण्याजोगा फुटपाथ मिळणे हा संविधानाच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि डिसेंबर २०२१ मध्ये लक्ष्मी रस्ता एका दिवसासाठी वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा केला. एका दिवसाने शहर बदलत नाही, हे खरे. पण ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीला तो एक दिवस वेगळा ठरवायचीही गरज नाही. आपला पादचारी दिन पाव शतकाहून जास्त काळ पाडव्याला आपोआप साजरा होतो आहे.

वडाळ्याहून कासारवडवलीपर्यंतच्या मेट्रोचे खांब घोडबंदर रोडवर उभे आहेत. त्या मेट्रोचा जिना उतरल्यावर समोरच्या सोसायटीत पायी जाता येत नसेल, तर माणसे पुन्हा रिक्षा किंवा स्वतःची गाडीच शोधतील. म्हणून दोन्ही महापालिकांनी प्रत्येक स्थानकापासून पंधरा मिनिटांच्या चालीतले रस्ते आधी हाती घ्यावेत. सुरुवात दिवा आणि कोळसेवाडीपासून करावी, नौपाड्यापासून नव्हे.

वाचकांना एक विनंती. यात्रेहून परतल्यावर या आठवड्यात एकदा घरापासून स्टेशनपर्यंत चालत जा. फुटपाथ सोडून किती वेळा रस्त्यावर उतरावे लागले ते मोजा, जागा टिपून ठेवा आणि तो कागद आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाच्या हातात द्या.